रस्त्याचा उपास

रस्त्याला तडा गेला की पूर्वी माणसं सरकारच्या नावानं बोटं मोडायची. आता नुसती वाट बघायची. नऊ-दहा दिवसांत तडा आपोआप भरून यायचा आणि काळ्या डांबरावर तेवढ्या जागी एक पांढरी शिवण उरायची. हिवरे ते बोरखडी या बावीस किलोमीटरच्या रस्त्यावर अशा शेकडो शिवणी होत्या, आणि मुकादम यल्लव्वा धोत्रेला त्यातली एकूण एक पाठ होती.

ही किमया सांधबुरशीची. रस्त्याच्या थरातच ती पेरलेली असे. तडा गेला की आत पाणी झिरपायचं, झोपलेली बुरशी जागी व्हायची आणि केसाहून बारीक तंतू पसरायची. पाण्यात विरघळलेला चुना आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड यांची सांगड घालून ती तड्यात चक्क दगड तयार करायची. गोगलगाय शंख बनवते, त्यातलाच प्रकार. बुरशीला चुना लागतो म्हणून महिन्यातून एकदा एक गाडी रस्त्यावर चुन्याची भुकटी शिंपडून जायची. या भुकटीला सगळे खुराक म्हणत. नवी खडी नको, डांबर उकळायला नको, धूर नको. राज्यातले निम्मे खडी क्रशर बंद पडले.

यल्लव्वा वडारांची लेक. आजापणजापासून दगड फोडणं हाच धंदा. नवरा हणमंता हिवऱ्याच्या क्रशरवर कामाला होता; दगडाची धूळ छातीत बसून बेचाळिसाव्या वर्षी गेला. शेवटचे सहा महिने त्याला आडवं होऊन झोपताही येत नव्हतं. क्रशर बंद झाला त्या दिवशी यल्लव्वा खाणीच्या तोंडाशी जाऊन पोटभर रडली होती. तेव्हापासून हा रस्ता तिला पोटच्या पोरासारखा.

त्या दिवशी सकाळी डॉ. ईशानी नाडगौडा पाहणीला आल्या. सांधबुरशी त्यांच्याच प्रयोगशाळेत जन्मली होती. एरवी यल्लव्वा गाडीचं दार उघडायच्या आत बडबड सुरू करायची. आज ती मैलाच्या दगडापाशी गप्प उभी होती.

"काय हो यल्लव्वा, तब्येत बरी आहे ना?"

"मॅडम, टेंभुरखेडचा रस्ता बघितलाय का तुम्ही?"

"तुमच्या लेकीला, रेणुकाला दिलीय तेच गाव ना? उत्तम रस्ता आहे. तीन वर्षांत एक खड्डा नाही."

"काल तिथनंच आले. कोंबड्या बिनकवचाची अंडी घालत्यात. हातात घेतलं तर लिबलिबीत लागतंय. रेणुकाचे दोन दात भाकरी खाताना तुटले. आन् नात अडीच वर्साची झाली, तरी उभी ऱ्हाइना. पाय धनुकलीगत वाकल्यात. दवाखान्यातला डॉक्टर म्हणतोय, अंगात कॅल्शम न्हाई. म्या इचारलं, म्हंजी काय? तर म्हणतोय, चुना."

ईशानींच्या कपाळावर आठी पडली. "योगायोग असेल. उपाशी बुरशी चुना शोधत बाहेर पसरली असती तर उपासातच कळलं असतं. तुमच्याच रस्त्यावर तर घेतला आपण तो."

उपास म्हणजे चाचणी. तीन वर्षांपूर्वी सहा महिने या रस्त्याचा खुराक बंद ठेवून पाहिलं होतं. तरीही तडे वेळेवर भरले, आणि बुरशी रस्त्याबाहेरही पसरली नाही. बुरशीला हवेतल्या धुळीतला चुना पुरतो, असा अहवाल गेला आणि राज्यभरच्या रस्त्यांचा खुराक थांबला.

यल्लव्वानं पदराचा बोळा तोंडावर धरला. मग खाली बघूनच बोलली.

"उपास झालाच न्हाई, मॅडम. म्या चारत हुते."

"काय चारत होता?"

"झाडांना पट्टं माराया चुन्याची पोती आल्ती ना? झाडांना नुसती गेरू मारली. चुना सांजचा तड्यातड्यात घातला, मूठ मूठ. तुम्हीच म्हणला हुता, रस्ता जिवंत हाय. मग जित्या जिवाला सहा म्हैनं उपाशी कसं ठेवावं मानसानं? आन् रस्ता नापास झाला असता तर क्रशर चालू झाला असता."

झाडांना पांढरा पट्टा का नाही, असं ईशानींनी तेव्हा सहज विचारलं होतं. चुना संपला, असं उत्तर मिळालं होतं आणि त्यांनी ते वहीत उतरवलंही नव्हतं.

"यल्लव्वा, तुमच्या त्या आकड्यांवर अडतीस हजार किलोमीटर रस्ता उपाशी ठेवलाय आम्ही." त्या सावकाश, एकेक शब्द तोलत सांगू लागल्या. भुकेली बुरशी रस्त्याखाली गप्प बसणार नाही. तंतू मातीत शिरणार, विहिरीपर्यंत जाणार. माती आणि पाणी चुन्याला महाग झाले की चाऱ्यात, दुधात, दाण्यात तो कुठून येणार? "रस्ता धडधाकट दिसतो, कारण काठावरची माणसं झिजताहेत."

यल्लव्वाचं डोकं जागेवर होतं. "मग परत खुराक चालू करा की."

"खुराक लागत नाही म्हणून रस्ते कितीतरी पटींनी वाढवले आम्ही. आता एवढ्या रस्त्यांना पुरेल इतका चुना काढायचा तर डोंगरच्या डोंगर फोडावे लागतील. मी खरं लिहिलं तर सरकार हे रस्ते उखडून पुन्हा खडी-डांबर करेल. क्रशर सुरू होतील. हिवऱ्याचा सगळ्यात आधी."

यल्लव्वाचा मुलगा मारुती चोवीस वर्षांचा, गेल्या वैशाखात लग्न झालेला, आणि हाताला धड काम नाही. क्रशर सुरू झाला तर पहिल्या पाळीला तोच जाणार, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नव्हता.

"मग नका लिहू," यल्लव्वा पुटपुटली. "टेंभुरखेडला म्या जाऊन ऱ्हाते. गुपचूप चुना घालते."

"आणि बाकीची गावं?"



बोलता बोलता ईशानींच्या मनात दुसराच प्रश्न आला. "या रस्त्याला अजून चारता?"

"न्हाई. चाचणी सरली तवापास्नं हात लावला न्हाई. पोतीच येत न्हाईत."

"मग तीन वर्षं हा कशावर जगतोय? इथे तर कोंबड्यांची अंडी ठीक आहेत."

यल्लव्वाला रस्त्याची प्रत्येक शिवण पाठ होती. सगळ्यात जाड, सगळ्यात पांढरी शिवण कुठं आहे, हे तिला विचारावं लागलं नाही. ती चालू लागली. सातव्या किलोमीटरला वडारांची दफनभूमी रस्त्याला लागूनच होती. तिथला तडा चार दिवसांत भरायचा. हणमंताची आपल्यावर नजर आहे, असं ती मनाशी म्हणायची.

ईशानींनी पिशवीतून खुरपं काढलं आणि रस्त्याच्या कडेची माती वीतभर उकरली. पांढरे तंतू निघाले, सुताच्या लडीसारखे जाडजूड. सगळे एकाच दिशेला गेले होते, थडग्यांच्या पहिल्या ओळीतल्या दगडाकडे. तो दगड यल्लव्वानं स्वतः घडवला होता. त्यावर छिन्नीनं हणमंताचं नाव कोरलं होतं.

ईशानींनी मान फिरवली. त्यांना तिच्याकडे बघवेना.

"जितेपणी फुफ्फुस नेलं रस्त्यानं," यल्लव्वा म्हणाली. "आता हाडं." ती दगडापाशी उकिडवी बसली. रस्त्यावरून एक एसटी गेली, जराही न खडखडता.

"लिहा, मॅडम. माजं नाव घालून लिहा."

"आणि मारुती?"

"धूळ डोळ्याला दिसती तरी. तोंडाला फडकं बांधता येतं. पोरगं आईला सांगंल तरी, की दम लागतोय. त्या अडीच वर्साच्या जिवानं कुणाला सांगायचं?"

तिनं हात पुढे करून खुरपं घेतलं आणि तंतू तोडायला सुरुवात केली.

"यल्लव्वा, तोडून उपयोग नाही. चार दिवसांत पुन्हा जुळतील."

"ठावं हाय," ती म्हणाली आणि पुढचा तंतू खुरप्याखाली धरला.