हिमतळ्यातला खडा

"आपण मराठी?"

इलाइट चौराह्यावर आईशी फोनवर बोलत उभी असलेली अनुश्री वळली. फ्रेमच्या दुकानातून एक तरुण हसत तिच्याकडे पाहत होता. कुशल. घराणं मूळचं गुरसरायचं, पेशवाईत इकडे उत्तरेत येऊन वसलेलं. त्याला मराठी सगळी कळायची, बोलताना मात्र अडखळायची. अनुश्री फ्रेमवालाच शोधत होती, म्हणून आत गेली.

तिनं जपून एक कापड उलगडलं. त्यावर तिनं अभ्यासासाठी लडाखमधल्या एका आटलेल्या हिमतळ्याचा गाळ चिकटवून उतरवलेला होता — पापुद्र्यासारखा पातळ. थरावर थर, आणि मधोमध एक खडा.

फ्रेम तयार झाली, ती उलटी.

"अहो, डोकं खाली, पाय वर!"

"मला पहाड वाटला, जी."

तिला हसू फुटलं. "हा खडा तरंगत्या बर्फातून सुटून तळ्यात पडला. गाळ तेव्हा ओला, मऊ होता, म्हणून खालचे थर वाकले. वरचे नंतर साचले, अलगद."

"आणि गाळ सुखा असता तर?"

"तर खडा नुसताच वर पडून राहिला असता."

"बेचारा..." कुशलनं फ्रेमच्या पाठीवर पेन्सिलीनं बाण काढला. "ही बाजू वर. समझ गया."

"लवकर द्या हं. बाबांची पुण्याला बदली झालीय. या महिन्यात निघू आम्ही."

त्याची पेन्सिल थांबली.

पुढच्या खेपेला फ्रेम पुन्हा उलटी! अनुश्रीनं ती फिरवून पाठ पाहिली. बाण बरोबर होता. हुक मात्र नेमका त्याच्या शेपटाकडे ठोकलेला.

"कुशल... ही चूक आहे?"

"पहिली होती." तो लाकडाचा भुसा झटकत राहिला. "ही नाही. सीधी दिली तर तुम्ही घेऊन जाल. मग परत कशाला याल?"

कूलरची वाळ्याच्या वासाची झुळूक अंगावरून गेली, तरी तिचे कान तापले.

"सिविल लाइंसमध्ये आमच्या घराजवळ दोन फ्रेमवाले आहेत," ती हळूच म्हणाली. "सरळ करायची तर तिथेही झाली असती."

त्यानं मान वर केली.

"म्हणजे..."

"म्हणजे उद्या संध्याकाळी घरी या. आई-बाबांना भेटायला."

"फ्रेम घेऊन?"

"नको," अनुश्री म्हणाली. "नुसते या."