सरजाबाईंची पांढरी मोटार

"मोटार माझी हाय आपा, पण माझी वाटंना," सरजाबाई शकिलांना म्हणाल्या.

लातूर जिल्हा होऊन वर्ष झालं नव्हतं. दुष्काळ मात्र दुसऱ्या वर्षात शिरला होता. जळकोटच्या या निवृत्त नर्सबाईंनी आयुष्यभराची शिल्लक मोटारीत घातली होती. अडलेल्या बाळंतिणींना उदगीरच्या दवाखान्यात न्यायला गावात वाहनच नव्हतं.

एक एप्रिलपासून नव्या मोटारीला सगळ्या वर्षांचा कर एकदम भरायचा होता. एकतीस मार्चपर्यंत नोंदलेल्या मोटारीला जुनाच, दरवर्षीचा. सरजाबाईंची नोंद झाली तीन एप्रिलला. एवढा कर भरल्यावर पेट्रोललाही काही उरलं नव्हतं.

खासगी तपासनीस शकिला यांनी कागद चाळले. नोंदणीला लागणारा रहिवासी दाखला पंचवीस मार्चचा, शिक्का लातूर जिल्ह्याचा.

"मोटार आधी पाहिली होती?"

"एकोणतीसला, दुकानात. मागं बसले अन् पिशवीतली आयोडिनची बाटली सांडली. पायाखालच्या गालिच्यावर डाग पडला. लाजून कुणाला बोलले न्हाई."

शकिलांचे सहायक नरसिंग दारातल्या मोटारीत डोकावून आले. "डाग नाही आपा. दुकानदारानं धुतला असेल."

दुकानदार धोंडप्पा ठाम होते. "बाईंच्या दाखल्यावर उस्मानाबादचा, जुन्या जिल्ह्याचा शिक्का होता, म्हणून नोंद अडली. नवा दाखला त्यांनी दोन एप्रिलला आणला. मोटार मात्र तीच, त्यांनी बघितलेली."

"धुऊन दिलीत?"

"प्यायला पाणी न्हाई, मोटार कशानं धुवावी? कोरड्या फडक्यानं पुसली."

दुकानातला कारकून फारूक म्हणाला, "कागद मी एकोणतीसलाच धोंडप्पासाहेबांकडं दिले. एकतीसला आमची एकच मोटार नोंदली. चन्नबसप्पांची."

चन्नबसप्पा पाण्याच्या टँकरचे कंत्राटदार. "तीस तारखेला धावत गेलो," ते हसून म्हणाले. "नशिबानं एक मोटार तयार होती."

शकिलांनी त्यांच्या मोटारीचं मागचं दार उघडून आत पाहिलं. मग सगळ्यांना दुकानात बोलावलं.

"धोंडप्पा, जुना शिक्का कधी नव्हताच. दाखल्यावर तारीख पंचवीस मार्चची आहे. दोन एप्रिलला आणलेला दाखला पंचवीसचा कसा?"

शकिलांनी दाखला त्यांच्यापुढे ठेवला.

"बाईंनी बघितलेल्या मोटारीत आयोडिन सांडलं होतं. त्यांना मिळालेलीत डाग नाही, आणि धुतली नाही हे तुम्हीच सांगितलंत. म्हणजे मोटार दुसरी. तो तपकिरी डाग चन्नबसप्पांच्या मोटारीत आहे. मुदतीआधी तुमच्याकडे एकच मोटार होती. ती मोठ्या गिऱ्हाइकाला दिलीत आणि बाईंना एप्रिलमध्ये आलेली."

नरसिंग कौतुकानं बघतच राहिले. आपण बघितलेला कोरा गालिचाच पुरावा होता!

चन्नबसप्पा ओशाळले. "मला ठाऊक नव्हतं बाई. माझी मोटार तुम्ही घ्या."

"मोटार राहू द्या," सरजाबाई म्हणाल्या. "जादाचा कर धोंडप्पांनी भरावा. अन् बाळंतीण घेऊन निघाले की रस्ता अडवणारा तुमचा टँकर बाजूला घ्यावा. बस."

धोंडप्पांनी मान खाली घालून पैसे मोजले.

चार दिवसांनी भरदुपारी गावातली भामाबाई बाळंतपणात अडली. सरजाबाई तिच्याजवळ मागं बसल्या, मोटारीनं उदगीर गाठलं. संध्याकाळी शकिलांचा फोन वाजला.

"आपा, पोरगी झाली. दोघीबी ठणठणीत हायत!"