डावीकडून दुसरी

अमरावतीच्या त्या कॉलेजात एनसीसीचं युनिट देवश्री मॅडमच्या गळ्यात पडलं, तेव्हा सर्वोत्कृष्ट युनिटची ढाल कित्येक वर्षं अकोल्यात मुक्काम ठोकून होती. यंदाही नाही आली तर युनिट गुंडाळू, असं प्राचार्यांनी गोड हसून सांगितलं होतं. म्हणजे पोरींचे पोलीस भरतीतले जादा गुणही गेले.

वर ढालीचा इतिहास लिहायचं कामही तिच्याकडेच. तिनं जुने फोटो काढले. जिंकलेल्या प्रत्येक वर्षी मधल्या ओळीत डावीकडून दुसरी जागा रिकामी होती. कॅडेट कमी असला की तीच जागा मोकळी सोडायची, हा कवायतीचा साधा नियम. पण हरलेल्या वर्षी मात्र रांगा भरलेल्या.

आधीचे एनसीसी अधिकारी पंजाबराव आता निवृत्त होते. तिनं त्यांना गाठलं. त्यांनी चहाचा कप बाजूला सारला.

"एखादं पोर रांगेतून काढा, मॅडम. त्याच्या जागी दुसरं भरू नका. ढाल येते," ते म्हणाले. "काहून, ते मले इचारू नका."

देवश्री भौतिकशास्त्र शिकवायची. असल्या गोष्टींवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. तरी तिनं आचलला काढलं. लहानपणी मोडलेला हात नीट सरळ होत नाही, हे कारण आयतंच होतं. दर्यापूरहून पहाटेच्या बसनं येणारी ती पोर म्हणाली, "मंग मी बाजूले बसून पायते, मॅडम." देवश्रीला तिच्याकडे बघवलं नाही.

तपासणीच्या सकाळी कर्नलसाहेब रांगांमधून फिरले आणि रिकाम्या जागेसमोर थांबले. कुणाच्या तरी डोळ्यांत बघावं, तसे बघत राहिले.

"शाबास. हिचं नाव काय?"

तिथे कुणी नाही, एवढंच म्हणायचं होतं. ढाल टेबलावर चकाकत होती.

"आचल, सर," देवश्री म्हणाली.

ढाल मिळाली. टाळ्यांच्या कडकडाटात देवश्रीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती तडक कडुलिंबाखाली बसलेल्या आचलकडे गेली.

"आचल, चुकलं माझं."

आचलचे ओठ हलले. आवाज फुटला नाही. तिनं घाबरून गळ्याला हात लावला.

"असू द्या, मॅडम."

आवाज आचलचाच होता, पण मागून आला.

देवश्री वळली. रांगा विश्राममध्ये उभ्या होत्या. मधल्या ओळीत पाण्याची बाटली फिरत होती. तिसरीनं ती जवळजवळ भरलेली बाटली न बघताच पुढे केली. रिकाम्या जागी बाटली क्षणभर हवेतच थांबली.

मग पहिलीच्या हातात आली. निम्मी झाली होती.