सिग्वार्टचा दोर

सकाळचं रांधणं सिग्वार्टकडे असायचं. वाळलेलं मांस आणि चरबी वितळवून तो पातळ रस्सा करी आणि वाढताना म्हणे, "कॅप्टन, दाढीला कमी पाजा, पोटात जाऊ द्या." त्या दिवशी तो उठलाच नाही. बूट कापून काढले तेव्हा दोन्ही पाय घोट्यांपर्यंत काळे दिसले. आदल्या संध्याकाळपर्यंत तो आमच्याइतकीच घसरगाडी ओढत होता.

"सांगितलं असतं तर त्याला गाडीवर घ्यावं लागलं असतं," एवढंच कॅप्टन हाउगेन म्हणाले. आम्ही त्याच्यावर बर्फ लोटला. रडू आलं नाही.

उत्तर ध्रुवाकडच्या स्पिट्सबर्गेन बेटाची हिमनदी ओलांडून किनाऱ्यावरची झोपडी गाठायची होती. तिथे आमची बाकीची माणसं होती. मी मोहिमेचा मोजणीदार. तिघांचं ओझं दोघांना हलणार नाही, हे मला कळत होतं. सिग्वार्टच्या दोराची गाठ गोठली होती, म्हणून तो छातीला बांधायच्या पट्ट्यासकट तसाच गाडीला राहिला.

गाडी हलली.

दुपारी माझं लक्ष गेलं. सिग्वार्टचा, मधला दोर बर्फावर घासत नव्हता. आमच्या दोरांसारखाच ताणलेला होता, आणि रिकामा पट्टा छातीच्या उंचीवर होता. गोठून ताठला असेल म्हणून मी हातमोजा काढून तो दाबला. दबला. पावलागणिक हिसके बसत होते.

"कॅप्टन, हा दोर—"

"सकाळपासून बघतोय मी."

"कापू?"



"तुला घरी जायचंय ना? मग ओढू दे त्याला."

मला भीती वाटायला हवी होती. पण बोटांसारखी तीही बधिर झाली होती. मुक्कामाला आम्ही गाडी खुंट्यांना बांधत असू. सूर्य मावळत नव्हता, त्यामुळे तंबूतून दिसायचं. आम्ही आडवे झालो तरी तो दोर ताणलेलाच.

झोपडी दिसली. माणसं धावत आली. आम्ही पट्टे सोडले आणि तिथेच बसलो. कुणीतरी ओठांना कॉफी लावली. ती गरम होती की गार, कळलं नाही.

"गाडी सरकतेय," स्वयंपाकी म्हणाला.

ती झोपडीवरून पुढे गेली. कुणी धावलं नाही. कॅप्टननी टोपी काढली.

पायांत जीव आल्यावर मी माग काढत गेलो. उताराने घसरली असेल, अशी नोंद करायची होती मला.

झोपडीपलीकडे गाडीच्या दोन्ही रेघा, सरळ आणि खोल, डोंगराच्या चढाला लागल्या होत्या.