सातव्या मिनिटाचं दार

"चादर ताण! अजून ताण! खलनायकाच्या नाकावर सुरकुती पडली तर पोरं फिदीफिदी हसतील!" नन्ना खुर्चीवर उभी राहून ओरडत होती.

नन्ना हे काही तिचं खरं नाव नव्हे. काहीही सांगा, आधी "नाही" म्हणायचं आणि मग विचार करायचा, हा तिचा पहिलीपासूनचा नन्नाचा पाढा. त्यावरून पडलेलं नाव तिला इतकं चिकटलं होतं, की आईसुद्धा चिडली नसेल तेव्हा तिला नन्नाच म्हणायची. आज मात्र आई चिडलेली होती, कारण भिंतीवर ताणली जात होती ती तिची नवी कोरी चादर.

"डाग पडला तर तुलाच धुवायला लावीन!" आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

"नाही पडणार!" नन्ना म्हणाली.

सुट्टीचे तीन आठवडे चौघांनी घाम गाळून एका चोराच्या शोधाचा थरारपट बनवला होता. नाव 'बावीस नंबरची खुर्ची', लांबी अकरा मिनिटं. दिग्दर्शन नन्नाचं. कॅमेऱ्यामागे तिचा चुलतभाऊ, जाड भिंगाच्या चष्म्यामुळे ज्याला सगळे दुर्बीण म्हणत. जोडकाम आणि काटछाट शेजारची मुलगी कात्री हिच्याकडे. आणि नायक होता गडगड्या, ज्याला कुजबुजायला सांगितलं तरी पलीकडच्या गल्लीत ऐकू जायचं! चित्रण गावातल्या सभागृहात झालं होतं, आणि तिथेच मुलांच्या सिनेमांची स्पर्धा होती. सिनेमा मुलांनीच बनवायचा, दहा ते चौदा वर्षांच्या प्रेक्षकांसाठी, आणि पडद्यावर तो एका दमात पूर्ण चालला पाहिजे. मध्येच बंद पडला तर बाद.

म्हणून आज घरच्या घरी चाचणी होती. गल्लीतली बारा पोरं सतरंजीवर येऊन बसली. नन्ना मात्र चादरीकडे पाठ आणि पोरांकडे तोंड करून, मांडीवर वही घेऊन बसली.

"तू सिनेमा नाही बघणार?" दुर्बिणीने विचारलं.

"नाही. मी प्रेक्षक बघणार. विचारलं की सगळे 'मस्त होता' म्हणतात. तोंड खोटं बोलतं रे, बूड खोटं बोलत नाही! चुळबुळ झाली की मी वहीत मिनिट लिहिणार."

सिनेमा सुरू झाला. पहिल्या मिनिटाला तीन चुळबुळी. दुसऱ्याला एक. चौथ्या मिनिटाला, खुर्चीखाली चिकटवलेली चिठ्ठी नायकाला सापडली तेव्हा, एकही नाही! नन्नाला आनंदाने ओरडावंसं वाटलं. सातव्या मिनिटाला खलनायक सभागृहात नायकाच्या मागे लागला, गडगड्या जिवाच्या आकांताने धावू लागला, आणि इतक्यात पुढच्या रांगेतली एक मुलगी किंचाळली,

"अरे मूर्खा, त्या दारातून पळ ना!"

"कुलूप आहे त्याला! दिसत नाही का?" मागून एक पोरगा म्हणाला.

"कुठलं दार?" नन्ना वळली. पण दृश्य पुढे सरकलं होतं.

सिनेमा संपला तरी पोरं ना चोराबद्दल बोलत होती, ना चिठ्ठीबद्दल. सगळ्यांच्या तोंडी एकच, दार! नन्नाचा पारा चढला. तीन आठवडे राबायचं, आणि बघणाऱ्यांनी काय बघावं? दार! कात्रीने तो तुकडा मागे नेऊन थांबवला. धावताना गडगड्याचा हात भिंतीवरच्या काळ्या पडद्याला लागला होता आणि पडदा सरकला होता. फक्त दोन सेकंद. त्यामागे लोखंडी दार होतं. त्यावर हिरव्या अक्षरांत 'बाहेर' लिहिलेलं, कडीला साखळी, साखळीला कुलूप, आणि समोर मोडक्या खुर्च्यांची रास.

"पंचवीस वेळा पाहिलाय मी हा तुकडा," कात्री हळूच म्हणाली. "मला फक्त गडगड्याच दिसत होता."

"मी दिसण्यासारखाच आहे," गडगड्या म्हणाला.

"गप रे!" नन्ना म्हणाली. "त्या सभागृहात दोनशेच्या वर माणसं बसतात. बाहेर पडायला पुढचं एक अरुंद दार, आणि हे दुसरं. हे बंद असेल आणि आत काही पेटलं तर?"

गडगड्या पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाला, "बाप रे."

दुसऱ्या दिवशी सकाळी चौघं सभागृहात हजर झाली. व्यवस्थापकांना सगळं गाव होईलकाका म्हणायचं. पंखा बिघडला? होईल. नळ गळतो? होईल. झालेलं मात्र कुणी पाहिलं नव्हतं.

"अगं, ते दार तीन वर्षांपूर्वी मीच बंद केलं," ते चहा ढवळत म्हणाले. "फुकटे घुसायचे तिथून. किल्ली आहे कुठेतरी."

"पण काका, परवा दोनशे मुलं येणार आहेत."

"होईल, होईल! त्याआधी उघडतो. आणि हो, तुमच्या सिनेमात ते दार दिसतंय, असं कानावर आलंय माझ्या. ते दोन सेकंद कापायचे. सभागृहाची बदनामी चालणार नाही. नाहीतर सिनेमा लावणार नाही!"

"नाही कापणार!" नन्ना म्हणाली.

"मग घरी बसा."

घरीही तेच. आईने होईलकाकांना फोन केला, त्यांनी तिलाही "उघडतो" म्हणून सांगितलं. दुर्बिणीचे बाबा म्हणाले, "मोठी माणसं बघतील. तुम्ही कशाला नाक खुपसता?" नन्नाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी आल्याचा तिला जास्तच राग आला. मोठी माणसं तीन वर्षं बघतच तर होती!

"दोन सेकंदांसाठी सगळा सिनेमा घालवायचा?" गडगड्या कळवळून म्हणाला. "माझी आत्या येणार आहे बघायला!"

कात्री नखं खात विचार करत होती. एकदम ती म्हणाली, "कापू या. चित्रच कापू या! आवाजाबद्दल काका काही बोललेत का?"

तिघं तिच्याकडे बघत राहिली. मग नन्नाच्या तोंडून निघालं, "हो!" हा शब्द तिच्या तोंडून ऐकून दुर्बिणीने चष्मा काढून पुसला.

त्या दुपारी चौघं सभागृहातल्या काळ्या पडद्यामागे शिरली आणि खऱ्या साखळीचा खणखणाट त्यांनी मोबाइलवर टिपून घेतला. नव्या जोडकामात सातव्या मिनिटाला पडदा वीस सेकंद काळा व्हायचा. फक्त धापा, पावलं, साखळी, आणि नायकाचा आवाज. होईलकाकांनी नवी प्रत तपासली ती एका कानाला फोन लावून, आवाज बंद करून. "दार दिसत नाही ना? झालं तर!"

स्पर्धेचा दिवस उजाडला. चार वाजता सभागृह भरलं. नन्नाची आई, गडगड्याची आत्या, दुर्बिणीचे बाबा, आणि मधोमध परीक्षकबाई, ज्यांनी तीस वर्षं सिनेमांची काटछाट केली होती. नन्ना हळूच काळ्या पडद्यामागे डोकावली. साखळी जशीच्या तशी! कुलूपही. खुर्च्या उलट दोन वाढल्या होत्या!

ती धावत कात्रीकडे आली. "उघडलेलं नाही. ते काळे वीस सेकंद संपले की सिनेमा थांबवायचा."

"थांबवला तर बाद होऊ, नन्ना! शेवट कुणी बघणारच नाही!"

नन्नाला तो शेवट पाठ होता. पावसात भिजत, तापात फणफणत तिने तो सहा वेळा पुन्हा चित्रित केला होता. सगळ्या सिनेमात तिला तेवढाच मनापासून आवडायचा. "माहीत आहे," ती म्हणाली. "तरी थांबव. आपण बंद दाराची गोष्ट सांगायची आणि यांना त्याच बंद दारासमोर बसवून ठेवायचं, हे मला जमणार नाही."

दुर्बिणीने मान हलवली. गडगड्याने आत्याकडे एकदा बघितलं आणि त्यानेही हलवली.

सिनेमा लागला. चौथ्या मिनिटाला दोनशे मुलं खुर्चीच्या कडेवर आली. सातव्या मिनिटाला पडदा काळा झाला. धापा... पावलं... सर्रकन कापड सरकलं... आणि मग साखळी! खण्! खण्! खण्!

"डावीकडचा पडदा! त्यामागे दार आहे!" नायक अंधारात गरजला. "'बाहेर' लिहिलंय, पण कुलूप लावलंय! कोणी लावलं हे कुलूप?"

आणि दोनशे माना एकदम डावीकडे वळल्या! खऱ्या भिंतीकडे, खऱ्या काळ्या पडद्याकडे.

दिवे लागले. नन्ना मंचावर उभी होती.

"सिनेमा आम्हीच थांबवलाय. कुठे काही पेटलेलं नाही, कुणी घाबरायचं नाही. पण ते दार खरंच तिथे आहे आणि खरंच बंद आहे. शेवटच्या रांगेपासून एकेक रांग बाहेर जाईल. धावायचं नाही!"

"काय पोरखेळ चाललाय हा!" होईलकाका लालबुंद होऊन धावले. "खाली उतर आधी!"

"नाही!" नन्ना म्हणाली. आयुष्यातला सगळ्यात मोठा 'नाही' होता तो.

तोवर नन्नाची आई उठली होती. तिने सरळ जाऊन काळा पडदा ओढला. साखळी, कुलूप आणि मोडक्या खुर्च्या सगळ्यांना दिसल्या.

"किल्ली द्या," आई म्हणाली.

"घरी असेल... किंवा जुन्या कपाटात..."

"मला तुम्ही 'उघडतो' म्हणाला होतात."

मुलं रांगेने बाहेर निघाली. परीक्षकबाई मनगटावरच्या घड्याळाकडे बघत पुढच्या दाराशी उभ्या राहिल्या. शेवटचं पोर बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "नऊ मिनिटं. कुणी ढकललं नाही, कुणी पडलं नाही, धूर नाही, अंधार नाही, तरी नऊ मिनिटं! होईलकाका, हे दार आत्ता उघडणार. उद्या नाही."

होईलकाकांनी मान खाली घातली. गडगड्याच्या आत्याने समोरच्या वेल्डिंगवाल्याला हाक मारली, आणि तो छिन्नी-हातोडा घेऊन आत गेला.

मग परीक्षकबाई पायऱ्यांवर बसलेल्या चौघांकडे आल्या. "नियम मला मोडता येत नाही. तुमचा सिनेमा बाद."

"बाद तर बाद!" नन्ना म्हणाली. पण डोळे भरलेच.

"पण तीस वर्षांत एका आवाजावर अख्खं सभागृह मान वळवताना मी पाहिलेलं नाही. हे करायला मोठमोठ्यांची उभी हयात जाते, मुली. आणि जमल्यावर तो सिनेमा हातचा सोडायला तर त्याहून मोठी छाती लागते."

दुर्बिणीचे बाबा मागून आले. मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "नाक खुपसलंत ते बरं झालं रे. आम्ही कधी खुपसलंच नाही."

चौघं काही बोलणार, तोच अंगणातून आरडाओरडा झाला. दोनशेतलं एकही पोर घरी गेलं नव्हतं!

"चोर कोण होता?"

"चिठ्ठीत काय होतं ते सांगा!"

"शेवट! शेवट! शेवट!"

नन्नाने डोळे पुसले, गडगड्याला हाताला धरून उभं केलं आणि वरच्या पायरीवर चढली. "कात्री, तू पावलांचे आवाज काढ. दुर्बीण, तू खलनायक. ऐका रे! कुलूप तुटत नाही, खलनायक जवळ येतोय, आणि नायकाला आठवतं, की चिठ्ठी लिहिणाऱ्याचं अक्षर त्याने कुठेतरी पाहिलंय..."

पोरं पुढे सरकली. कुणी हलेना, कुणी खोकेना. आतून हातोड्याचे घाव ऐकू येत होते. मग खळ्ळकन साखळी तुटून फरशीवर पडली आणि तीन वर्षांनी ते लोखंडी दार करकरत सताड उघडलं.

मोठी माणसं सगळी तिकडे धावली. दोनशे पोरांतल्या एकानेही मान वळवली नाही.