अंगठ्याच्या विटा

मिस्त्री ठेवायचा म्हटलं की केवळरामच्या जिवावर यायचं. कंजूष म्हणा हवं तर, पण त्याचं म्हणणं सरळ होतं. जे हात जळकी मोटार खोलून तिच्यात तांब्याची तार नव्यानं भरतात, त्या हातांना चार भिंती उभ्या करता येऊ नयेत, असं काय मोठं आहे त्यात? पवनीच्या रोडवर त्याचं पंप दुरुस्तीचं दुकान होतं, आणि अख्ख्या पुनर्वसन वस्तीत स्वतःचा ओळंबा आणि स्वतःची लेव्हलची नळी असलेला तो एकटाच होता.

गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात जुनं गाव गेलं तेव्हा त्याच्या वाट्याला आलेला प्लॉट नाल्याकडे उतरता निघाला. घराचं जोतं पुढून गुडघाभर, मागून पुरुषभर. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ट्रॉल्यांनी मुरूम आणून खालची पोकळी भरून काढली. केवळराम म्हणाला, "मुरमात पैसे कायले गाडू? खाली फुकटात खोली होते." त्यानं पोकळी तशीच ठेवून वर स्लॅब टाकला. मागून पाच पायऱ्या उतरल्या की ती खोली. बारा वर्षं तिथं गोवऱ्या, मोडके पंप आणि एक लोखंडी ड्रम पडून होता.

यंदा मात्र त्या खोलीची गरज पडली, कारण रीना बाळंतपणाला येणार होती. एकुलती एक लेक, सिहोऱ्याला दिलेली. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि दोनदा दिवस राहून गेले होते. दुसऱ्या वेळी दवाखान्याच्या बाकावर बसलेली रीना बापाकडे बघून नुसती हसली होती, आणि ते हसणं केवळरामच्या काळजात रुतून बसलं होतं. या वेळी लेक आणि लेकरू दोघंही धड घरी यायला पाहिजेत. बाकी त्याला देवाकडे काही मागायचं नव्हतं.

वरच्या दोन खोल्यांत दिवसभर माणसांची ये-जा. खालची खोली गार आणि बिनवाऱ्याची. बायको रूपाही म्हणाली, "करा जी बरी. लेकीले निवांत राहीन."

खालच्या भिंती म्हणजे काळ्या दगडाचा ओबडधोबड पाया. त्याला आतून चारी बाजूंनी विटांचं अस्तर द्यायचं, वरून पलस्तर करायचं आणि खाली कोबा घालायचा. विटेचा भाव ऐकून केवळराम भट्ट्यावरून तसाच परत आला.

मे महिन्यात धरणाचं पाणी उतरलं की जुनं गाव उघडं पडतं. जोती दिसतात, कडुनिंबाची बुंधं दिसतात, देवळाचा ओटा दिसतो. लोक जातात, आपापल्या अंगणात घटकाभर उभे राहतात आणि परत येतात. केवळरामच्या घराची मागची भिंत अजून खिडकीसकट उभी होती. त्या विटा त्याच्या बापानं शेतातल्या मातीच्या पाडलेल्या. चार घरांचा मिळून एकच भट्टा लागायचा, म्हणून आपली वीट ओळखू यावी यासाठी बाप प्रत्येक ओल्या विटेवर अंगठा दाबायचा. भाजून निघालेल्या विटेवर ती खोलगट खूण तशीच राहिली होती. केवळरामनं ट्रॅक्टर नेला, पडलेल्या दोन भिंतींच्या विटा उचलल्या, उभीला हात लावला नाही.

अंगणात ढीग बघून शेजारचा टिकाराम कुंपणाशी आला.

"कायच्या विटा होत गा ह्या?"

"माह्या घरच्या."

"पान्यातल्या?" टिकारामनं कुंपणावरचा हात मागं घेतला. "निघताना तुह्या मायनंच तं उंबरठ्यावर हळद-कुंकू वाहून घर वैनगंगेले देल्लं होतं. म्या पाहिलं आहे. देल्लेलं परत आनतेत का?"

"घर सरकारले देल्लं, मोबदला घेतला. नदीचा काय संबंध?"

टिकाराम निघून गेला. याच्या पोटात दुखतं, दुसरं काय, असं केवळरामनं ठरवून टाकलं. फुकटातली खोली याला बघवत नाही.

जूनभर दुकानातून आला की तो खाली उतरायचा. अस्तर उभं राहिलं. भिंती ओळंब्यात, कोपरे काटकोनात, कोबा हात फिरवला तर गुळगुळीत. रूपा सकाळ-संध्याकाळ पाणी मारायची. सारं काम आटोपलं तेव्हा केवळराम खोलीच्या मधोमध उभा राहिला आणि मनात म्हणाला, ये बाई आता लेकी.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्याला ती रेघ दिसली.

घोट्याएवढ्या उंचीवर, बोटभर रुंद, मातकट रंगाची. ओल आली, तो चरफडला. टिकारामच्या न्हाणीचं पाणी इकडेच मुरत असणार. तो तणतणत गेला. टिकारामनं न्हाणीमागचं झाकण उचलून दाखवलं. त्याचं पाणी पार उलट्या अंगानं वाहत होतं.

"आता समाधान झालं?"

"मले काय मालूम, मोरी कवा बदलवली ते," केवळराम म्हणाला आणि घरी आला.

त्यानं रेघेवर पेन्सिलीनं खूण केली, तारीख टाकली, कुलूप लावलं आणि किल्ली कडदोऱ्याला बांधली. दुसऱ्या दिवशी रेघ पेन्सिलीच्या दोन बोटं वर होती. हात लावून पाहिला. भिंत कोरडी. बोटाला बारीक, करडी माती लागली, धरणाच्या काठाला असते तशी.

मग त्यानं लेव्हलची नळी आणली, पाण्यानं भरली. एक टोक या कोपऱ्यात, दुसरं त्या कोपऱ्यात. चारही कोपऱ्यांत रेघ आणि नळीतलं पाणी केसभरही इकडेतिकडे नव्हतं. तिथं मात्र तो चांगलाच चमकला. ओल कधी लेव्हलमध्ये येत नाही. ती कुठं चढते, कुठं बसते. आणि ओल लोखंडावर येत नाही. ही रेघ पलस्तरावरून निघून दाराच्या फळीवर आली होती, फळीवरून लोखंडी ड्रमवर आणि ड्रमवरून परत भिंतीवर.

म्हणजे हे कोणीतरी हातानं करतंय. त्याला रूपाचाही संशय आला. लेकीला वरच ठेवायचं तिच्या मनात असेल आणि तोंडानं बोलवत नसेल.

"खाली तू तं नाही जात ना वो?"

"किल्ली तुमच्या कमरेले, अन् मी जाऊ कुठून?" रूपा म्हणाली. "डोकं ठिकानावर आहे ना जी?"

पाऊल उमटावं म्हणून त्यानं कोब्यावर चुलीतली राख चाळणीनं पसरली आणि उलटं चालत बाहेर आला. दुसऱ्या दिवशी भर दुपारी कुलूप काढलं. पाऊल एकही नव्हतं. राखही नव्हती. कोबा धुतल्यासारखा साफ होता, आणि सगळी राख चारी भिंतींना रेघेच्या उंचीवर चिकटून बसली होती.

त्याच आठवड्यात भय्याजी ढीवर मोटार घेऊन दुकानात आला. हा मासे धरायला रोज धरणात डोंगा घालणारा माणूस. तार भरता भरता केवळरामनं विषय काढला.

"पानी कुठवर आलं गा?"

"तुह्या जुन्या भिंतीले गुडघाभर लागलं आहे. कालच जाळं अडकलं तिथं."

केवळरामच्या हातातली तार तशीच राहिली. खोलीतली रेघ सकाळी त्याच्या गुडघ्याला लागत होती. पुढचे चार दिवस तो काहीतरी निमित्त काढून भय्याजीला विचारत राहिला. भय्याजी मांडी म्हणाला, त्या दिवशी रेघ मांडीला. भय्याजी खिडकीच्या खालच्या अंगाला म्हणाला, त्या दिवशी कमरेला.

"अन् धरन पुरं भरलं का?"

"मंग कायची भिंत? वरून डोंगा जाते."

रीना आली ती सातव्यात. चेहरा भरलेला, चाल जड. रूपानं मीठ-मोहरी ओवाळून टाकली. खालची खोली अजून वाळायची आहे, असं केवळरामनं सांगितलं. पण एका दुपारी तो किल्ली खुंटीला विसरून दुकानात गेला, आणि परत आला तर लेक पायऱ्या चढून वर येत होती.

"लय मस्त खोली केली बाबा. चटई टाकून दोन घंटे झोपली मी. कान जरा जड होतेत, पन पोटातलं तिथं कसं गपगार होते. वर आली का लाथा सुरू."

केवळरामनं तिच्या हातातली किल्ली काढून घेतली.

विहिरीत उतरायच्या आधी दोरीला दिवा बांधून खाली सोडतात. दिवा विझला तर आत वायू असतो, उतरायचं नाही. पंपवाल्याला हे शिकवावं लागत नाही. तो खाली गेला, आगकाडी ओढली आणि हळूहळू खाली नेली. कमरेशी, बरोबर रेघेशी काडी विझली. धूरही आला नाही. दुसरी ओढली, तीही तिथंच. त्यानं दार उघडं टाकलं, टेबलफॅन लावून तासभर हवा खेळवली आणि तिसरी ओढली.

तीही तिथंच विझली.

दुसऱ्या दिवशी त्यानं घण उचलला. कशासाठी, हे कोणाला सांगितलं नाही. महिनाभर जीव लावून केलेलं काम दोन दिवसांत खाली आलं. विटांवरचे बापाचे अंगठे पलस्तरातून एकेक उघडे पडत होते, आणि घण मारता मारता केवळराम रडत होता. टिकाराम कुंपण ओलांडून आला आणि त्यानं घमेलं उचललं. ट्रॅक्टरनं काठापर्यंत आणि भय्याजीच्या डोंग्यानं पुढं, विटा तुकड्यांसकट जुन्या भिंतीशेजारी पाण्यात गेल्या. तोवर पाणी झपाट्यानं चढलं होतं; भिंतीचा आता वरचा थरच तेवढा दिसत होता.

"घे माय, तुहं होतं," केवळराम नदीला म्हणाला. असलं काही आपण बोलू असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

घरी येऊन त्यानं उघड्या दगडांच्या खोलीत आगकाडी ओढली. ती जमिनीपर्यंत जळत गेली. बोट पोळलं तेव्हा त्याला हसू आलं.

सप्टेंबरात रीना सरकारी दवाखान्यात सुखरूप मोकळी झाली. मुलगी झाली. दोघी तिसऱ्या दिवशी घरी आल्या. वरच्या आतल्या खोलीत बाज मांडली होती. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषमाणसानं सव्वा महिना जायचं नाही अशी त्यांच्याकडे रीत, म्हणून केवळराम दारातूनच विचारपूस करायचा. आतून लेकराचं रडणं कसं ते ऐकू येत नसे. बाया कौतुक करायच्या, "मायबाई, किती शांत पोट्टी!" रूपाची कुरकुर तेवढी चालू असायची, शेगडी विझते म्हणून. कोळसा ओला असेल, केवळराम म्हणायचा. त्यानं दोनदा कोळसा बदलून आणला.

सव्वा महिना झाला. बाज उन्हात टाकायची, खोली सारवायची, म्हणून रूपानं त्याला हाक मारली.

"या जी, आता नातीले घ्या मांडीवर. अन् शेगडी पाहा बाप्पा एकदा. पहिल्या दिवसापासून बाजेखाली सरकवली का विझते. बाहेर काढली का पेटते."

केवळराम शेगडी बघायला वाकला. शेकासाठी निखारे खाली सरकवता यावेत म्हणून बाज उंच केलेली होती. चार पायांखाली चार विटा. चारींवर अंगठा.

"ह्या कुठल्या?" त्यानं विचारलं.

"जूनमध्येच काढून ठेवल्या होत्या ढिगातून," रूपा खुशीत म्हणाली. "चार विटांसाठी कोन भट्ट्यावर जाते? तुमचेच तं गुण लागले मले."

त्यानं खिशातून आगकाडी काढली. बाजेच्या वर धरली आणि खाली आणू लागला. लेकराच्या छातीपासून वीतभर वर ती विझली. लेकरू डोळे उघडे ठेवून पडलं होतं, छाती संथ वरखाली होत होती. दार-खिडकी बंद, पंखा बंद, आणि त्याचं जावळ उशीवरून वर उठून हळूहळू एका अंगाला झुकत होतं, परत दुसऱ्या अंगाला.

त्यानं झडप घालून लेकराला उचललं.

छातीशी धरलं. लेकराचं तोंड उघडलं, मिटलं, उघडलं. आवाज नव्हता. ओठ निळे पडत चालले.

"उचलू नका ना बाबा!" रीना दारातून धावत आली. "दवाखान्यात रडत होती, इथं बाजेवर टाकली का गप. पंधरा दिवसांपासून तं उचलवतच नाही, लगेच निळी पडते. आम्ही आंगोळही घालत नाही, तिथंच पुसून घेतो. ठेवा ना, ठेवा खाली!"

तोंड उघडत होतं, मिटत होतं.

केवळरामनं लेकराला खाली ठेवलं. ओठांवर रंग परत आला. छाती संथ वरखाली होऊ लागली. रीनानं बापाकडे बघितलं आणि हसली.

त्याचा पाय लागून उशाकडची एक वीट जराशी सरकली होती. केवळराम गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हातांनी ती बाजेच्या पायाखाली नीट बसवली.