मिरीला घेऊन गेलेली बाई

शिलाईवाली त्या दिवशी घरातून निघाली होती ती अस्तराचं कापड आणायला. वाटेत भटक्या कुत्र्यांचं आश्रयघर लागलं, आणि लेकीने हट्ट धरला, "आई, नुसतं बघून येऊ ना!" नुसतं बघायला गेलेल्या मायलेकी परतल्या त्या एक म्हातारी काळी कुत्री घेऊन. पिल्लांवर सगळ्यांच्या उड्या. म्हाताऱ्यांना कोण विचारतो? म्हणून मिरी फुकट मिळाली. नाहीतर शिलाईवालीची ऐपत कुठली!

"ताई, हिला एकदा एका घरातून परत आणून टाकलंय," आश्रयघरातली बाई म्हणाली. "नाही जमलं तर माझ्या हातात आणून द्या. पण वाऱ्यावर सोडू नका."

"छे हो! आमच्या घासातला घास खाईल ती."

खोटं नव्हती बोलत. मिरी मशीनपाशी चिंध्यांच्या ढिगावर झोपायची, लेक शाळेतून आली की तिच्याभोवती गरगर फिरायची. पण पुढे तिला मूत्रपिंडाचं दुखणं लागलं. औषधं कायमची, खाणं वेगळं. आणि इकडे तयार कपड्यांच्या दुकानांनी शिलाईचं काम पळवलं. औषधाची बाटली तळाला गेली की शिलाईवाली डब्यातली नाणी पुन्हा पुन्हा मोजायची.

शेवटी एका दुपारी, लेक शाळेत असताना, ती मिरीला घेऊन निघाली. परत द्यायचीच, तर कुठल्या तोंडाने? म्हणून आश्रयघर जेवणासाठी बंद होईपर्यंत ती समोरच्या झाडाआड थांबली, मग मिरीला फाटकाच्या गजाला बांधलं. मिरीला वाटलं, ही दुकानात चाललीय. शहाण्यासारखी बसून राहिली, शेपूट हलवत.

"दार उघडं राहिलं गं... पळाली असेल," संध्याकाळी तिने लेकीला सांगितलं. पोरगी घसा फुटेपर्यंत गल्लीगल्लीतून हाका मारत फिरली. आणि शिलाईवालीही, तिच्या शेजारून, "मिरी! मिरी!" करत फिरली. स्वतःचा तो आवाज कानांत शिरला तेव्हा तिला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाकडे कपडे पोचवून ती घरी न जाता थेट आश्रयघरात गेली. मान वर होईना.

"माझं चुकलं... मी मिरीला न्यायला आलेय."

हसत पुढे आलेली बाई थबकली. "न्यायला? अहो, तासाभरापूर्वी नेलीत की!"

"मी...?"

"म्हणजे काय! हीच साडी. तिच्या गळ्यात पडून केवढ्या रडलात! मलाच भरून आलं. म्हणालात, हिला सोडून जाणारीला आता घरात पाऊल ठेवू देणार नाही. एवढा राग करू नये हो स्वतःचा."

तासाभरापूर्वी ती गिऱ्हाइकाच्या ओट्यावर बसून बाह्यांना टाके घालत होती. पायांत वहाणा नीट चढवायचंही भान राहिलं नाही, तशीच सुटली.

घरी पोचेपर्यंत अंधारून आलं होतं. जिन्यात ओल्या कुत्र्याचा वास भरला होता. घरात दिवा होता. दाराखालून उजेडाची पट्टी बाहेर आली होती. तिने दार ढकललं. आतून कडी. तिने कडी वाजवली... हळूच, परक्या घरी वाजवावी तशी.

आत नखं फरशीवर टकटकत दाराशी आली. फटीतून हुंगल्याचा आवाज. मग गुरगुर. घरात आल्यापासून मिरी कधी कोणावर गुरगुरली नव्हती.

"आई," आतून लेकीचा आवाज आला, हसरा, "कोण आलंय गं?"

'मी आहे,' असं म्हणायला शिलाईवालीने तोंड उघडलं. पण काल हेच तोंड लेकीशी धडधडीत खोटं बोललं होतं. शरमेने जीभ टाळूला चिकटली.

तेवढ्यात आतून, अगदी दाराजवळून, शिलाईवालीच्याच आवाजात उत्तर आलं,

"कोणी नाही गं, बाळा."

आणि वरची कडीही आतून सरकली.